सेनिओच्या बांधावर: शिपाई नामदेव जाधव आणि शौर्याची व्याख्या

सद्गुण म्हणजे काय, या मालिकेत आज शौर्याची पाळी आहे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात शौर्य शिकवताना आम्ही मास्तर लोक एक सोय करून घेतो. 'समजा, एक सैनिक आहे...' अशी सुरुवात करतो. हा 'समजा-सैनिक' फार गुणी असतो. त्याला गाव नसतं, पलटण नसते, त्याचे पाय चिखलात रुतत नाहीत, आणि आपल्या सिद्धान्ताला हवं तेवढंच तो करतो. चाळीस वर्षं मी तोच सैनिक वर्गात उभा केला. आज खरा सैनिक घेऊ या. नाव नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातल्या निमजचे. जन्म १९२१. हुद्दा शिपाई, म्हणजे शिडीची सगळ्यात खालची पायरी. पलटण पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जिला 'जंगी पलटण' म्हणतात. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी इटलीतल्या एका नदीवर त्यांनी जे केलं, त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय तेव्हा तेवीस.

आधी ती नदी समजून घ्यायला हवी. नदी नीट डोळ्यांसमोर आली नाही, तर पुढचं सगळं सिनेमासारखं वाटेल.

नदीचं नाव सेनिओ. अ‍ॅपेनाइन डोंगरातून उतरते आणि रोमान्या नावाच्या सपाट, सुपीक मैदानातून पुढे जाते. पात्राची रुंदी तिथे जेमतेम १५ फूट. आपल्याकडे तिला कोणी नदी म्हणणार नाही, ओढा म्हणतील. पाणी चार-पाच फूट खोल, म्हणजे छातीपर्यंत. पण सपाट मुलखातल्या नद्या पुराच्या वेळी शेतं बुडवतात, म्हणून दोन्ही काठांना मातीचे बांध घातलेले. आणि हे बांध म्हणजे आपल्या शेताचे बांध नव्हेत. उंची ३० ते ३५ फूट, उतार जवळजवळ उभा. तीन मजली इमारती समोरासमोर उभ्या करा आणि मधल्या बोळातून ओढा सोडा, अशी ती जागा.

१९४४-४५ चा अख्खा हिवाळा इटलीतली आघाडी इथे आणि आसपासच्या अशाच नद्यांवर अडकून पडली होती. जर्मन सैन्यानं त्या बांधांचा उपयोग फार हुशारीनं केला. दोन्ही बांध आतून पोखरले. उंदरांनी पोखरावेत तसे. खंदक, भुयारं, मशीनगनचे मोर्चे. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावर, पाण्याच्या लगेच वर, सुरुंगांचा पट्टा पेरला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण सगळा पेच तिच्यात आहे. हल्ला करणारे पूर्वेकडून येणार. ते पूर्वेच्या बांधावर चढणार, पलीकडे उतरणार, पाणी ओलांडणार आणि पश्चिमेच्या बांधाला भिडणार. शत्रू समोर असतो अशी आपली समजूत. पण पूर्वेच्या बांधाच्या आतल्या बाजूला, म्हणजे नदीकडे तोंड करूनही मशीनगन लपलेल्या होत्या. तुम्ही बांध ओलांडून खाली उतरलात की त्या तुमच्या पाठीमागे. तोफखान्यालाही ही आतली बाजू टिपणं अवघड, कारण तोफगोळा बांधाच्या वरून येतो आणि आतल्या उतारावरचं बीळ बांधाच्याच आडोशाला असतं.

त्या दिवशी दुपारी दोस्तांच्या सुमारे ८०० जड बॉम्बफेकी विमानांनी जर्मन ठाण्यांवर मारा केला. मग तोफा. तोफा मध्येच थांबायच्या, जर्मनांना वाटायचं आता पायदळ येणार, ते बाहेर यायचे, की पुन्हा तोफा. आग ओकणारे रणगाडेही होते. न्यूझीलंडची डिव्हिजन आणि आपली आठवी भारतीय डिव्हिजन शेजारी शेजारी लढत होत्या. त्याच संध्याकाळी त्याच नदीवर, फुसिन्यानोजवळ, याच आठव्या डिव्हिजनमधल्या तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. एक डिव्हिजन, एक संध्याकाळ, दोन क्रॉस, आणि दोघेही शिपाई.

मराठ्यांचं काम असं ठरलं होतं: एका कंपनीनं पूर्वेचा बांध घ्यायचा, तीन मिनिटांनी दुसरी कंपनी तिच्यातून पुढे जाणार आणि पश्चिमेचा बांध घेणार. तीन मिनिटं. लष्करी योजनेत किती बारीक हिशेब असतो बघा. आणि असा हिशेब बिळातली एखादी मशीनगन जिवंत राहिली की किती सहज कोसळतो, तेही बघा.

नामदेव जाधव कंपनीचे रनर होते. रनर म्हणजे निरोप्या. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं, कारण त्यांच्या खिशात फोन असतो. वायरलेस बिघडतात, तारा तुटतात, आणि गोळीबाराच्या आवाजात ओरडून सांगितलेलं दहा फुटांवर पोचत नाही. अशा वेळी कंपनी कमांडरच्या सोबत एक माणूस ठेवलेला असतो. त्याचं काम एवढंच: इथली खबर तिथे न्यायची. तिकडे काय झालं ते इकडे सांगायचं. शत्रूचा मोर्चा फोडणं हे त्याच्याकडून कोणी अपेक्षित धरत नाही. हे मनात ठेवा, आपल्याला परत इकडे यायचं आहे.

तर आघाडीच्या एका तुकडीच्या लगेच मागे कमांडर आणि त्यांच्याबरोबर जाधव, असे ते नदीत उतरले. पाण्यातून पश्चिमेच्या काठावर निघता निघता पाठीमागून, पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावरून, किमान तीन मोर्च्यांनी गोळीबार सुरू केला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे सगळे पाण्यात आणि सुरुंगांच्या पट्ट्यावर मारले गेले. त्या टोळक्यात अंगावर जखम नसलेला माणूस एकच उरला, तो हा निरोप्या.

पुढे त्यांनी काय केलं ते क्रमानं सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे.

एका जखमीला उचललं. छातीभर पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून त्याला पूर्वेच्या बांधापलीकडे सुरक्षित जागी नेलं. परत आले. दुसऱ्या जखमीला उचललं. तोच रस्ता, तेच सुरुंग, वर उखळी तोफांचा मारा, बाजूनं मशीनगन. त्यालाही पोचवलं. मग तिसऱ्यांदा बांध ओलांडला, या वेळी जखमीसाठी नाही. सगळ्यात जवळच्या मोर्च्यावर धावून जाऊन टॉमी गननं तो गप्प केला. त्यात हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. एकामागून एक आणखी दोन मोर्चे संपवले. मध्ये हातबॉम्ब संपले, तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यापर्यंत गेले, पलीकडच्या उतारावर दबून बसलेल्या आपल्या साथीदारांकडून आणखी हातबॉम्ब घेतले आणि परत खाली आले. पूर्वेच्या बांधावरून येणारा मशीनगनचा मारा थांबला. त्यानंतर, उखळी तोफांचा मारा चालूच असताना, ते बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहिले, मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि हात हलवून राहिलेल्या कंपन्यांना नदीपलीकडे यायची खूण केली.

कंपन्या आल्या. बांध हातात आला, पुढे पलीकडे पाय रोवता आला, आणि त्या भागातला जर्मन प्रतिकार ढासळला. इटलीतलं युद्ध २ मे १९४५ ला थांबलं. म्हणजे या संध्याकाळनंतर तेवीस दिवसांनी.

हे सगळं आपल्याला कुठून कळतं? लंडन गॅझेटमध्ये १९ जून १९४५ ला छापलेल्या सन्मानपत्रातून. आता मी तत्त्वज्ञानाचा माणूस. कागद दिसला की तो उलटसुलट करून बघण्याची सवय. हे सन्मानपत्र म्हणजे काय प्रकारचा मजकूर आहे? ते इंग्रजीत आहे. ते वरिष्ठांच्या शिफारशीवरून तयार झालं. ज्याच्याबद्दल आहे तो मराठी बोलणारा, शेतकरी मुलखातून आलेला तरुण. त्याच्या आडनावाचं स्पेलिंगसुद्धा इंग्रजी नोंदींमध्ये दोन-तीन तऱ्हांचं सापडतं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या शिफारशीला प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षी लागतात, आणि ते योग्यच आहे, नाही तर पदकं वशिल्यानं वाटली जातील. पण या नियमाची दुसरी बाजू बघा. जे कोणी पाहिलं नाही, ते घडलंच नाही. त्या पाण्यात जे मेले, त्यांच्यातल्या एखाद्यानं शेवटच्या चार सेकंदांत काय केलं असेल, त्याला साक्षीदार नाही. जाधवांचं शौर्य कागदावर आलं, कारण पाहणारी माणसं बांधावर जिवंत होती. त्यांचं मोल याने तसूभरही कमी होत नाही. कागदाची मर्यादा तेवढी कळते.

आणि कागदाची दुसरी मर्यादा अधिक बारीक आहे. पाहणाऱ्याला कृती दिसते, हेतू दिसत नाही. सन्मानपत्रात मात्र हेतू लिहिलेला आहे. जखमींना पोचवल्यावर त्यांनी मशीनगन बंद पाडायचा आणि मेलेल्या साथीदारांचा सूड घ्यायचा निश्चय केला, असा त्या वाक्याचा आशय. सूड! हा शब्द मला अनेक वर्षं खुपतो आहे. लिहिणाऱ्याला तो कुठून मिळाला? जाधवांनी नंतर सांगितलं असेल, किंवा लिहिणाऱ्याला तो शोभून दिसला असेल. पण तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं हा शब्द निरुपद्रवी नाही. कारण कृत्य सूडातून आलं असेल, तर ते शौर्य आहे की संताप?

ॲरिस्टॉटलनं हा प्रश्न फार नीट मांडला आहे. 'निकोमाखियन एथिक्स'च्या तिसऱ्या भागात तो म्हणतो की पाच गोष्टी शौर्यासारख्या दिसतात, पण असतातच असं नाही. लोकलाजेपोटी किंवा शिक्षेच्या भीतीनं टिकून राहणं. धंद्याच्या सवयीनं निर्धास्त असणं, आणि याबद्दल तो खवचटपणे सांगतो की भाडोत्री सैनिकांना कोणती भीती पोकळ ते माहीत असतं, पण खरा धोका आला की पहिले तेच पळतात. पूर्वी जिंकलो म्हणून आताही जिंकू, हा आशावाद. धोका माहीतच नसणं. आणि संताप; जखमी जनावर शिकाऱ्यावर धावून जातं तसा.

जाधवांच्या बाबतीत चार गोष्टी झटकन बाजूला करता येतात. शिक्षेची भीती? पडून राहिले असते तर कोणी जाब विचारला नसता; कमांडर जखमी, बाकीचे मेलेले. सवय? मशीनगनचे मोर्चे हातबॉम्बनं फोडणं हा निरोप्याचा रोजचा धंदा नाही. आशावाद? त्या पाण्याकडे बघून आशा कसली. अज्ञान? सुरुंगांच्या पट्ट्यातून तो माणूस एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेला. पहिल्या खेपेला अज्ञान असू शकतं, तिसऱ्या खेपेला नाही.

उरला संताप. इथे मी तुमचं लक्ष एका बारीक गोष्टीकडे वेधतो. हातबॉम्ब संपले तेव्हा ते सरपटत वर गेले. सरपटत! धावत नाही. आणि साथीदारांकडून हातबॉम्ब मागून घेतले. संतापानं आंधळा झालेला माणूस मोजत नाही. तो रिकाम्या हातांनी धावतो. दगड उचलतो. हा माणूस थांबला, आपल्याकडे काय आहे आणि काय नाही याचा हिशेब केला, माथ्यावर उभं राहिलं तर गोळी लागेल म्हणून पोटावर गेला, सामान घेतलं आणि परत कामाला लागला. म्हणजे संताप असेलही, पण लगाम विवेकाच्या हातात होता. ॲरिस्टॉटल संतापाला सरसकट बाद करत नाही, हे इथे सांगायला हवं. तो म्हणतो, ही वृत्ती सगळ्यात नैसर्गिक. तिला निवड आणि योग्य हेतू येऊन मिळाले की तीच शौर्य होते. सन्मानपत्र लिहिणाऱ्यानं सूड शब्द वापरला, आणि दोनच ओळींनंतर तो शब्द अपुरा ठरवणारा तपशीलही प्रामाणिकपणे लिहून ठेवला. असले तपशील कागदात राहून जातात, म्हणून कागद नीट वाचायचे.

आता थोडं मागे, प्लेटोकडे. 'लाखेस' नावाचा त्याचा एक छोटा संवाद आहे. लाखेस आणि निकियास हे दोन सेनापती, आणि सॉक्रेटिस. शौर्य म्हणजे काय, असं विचारल्यावर लाखेस सेनापतीच्या झोकात उत्तर देतो: सोपं आहे, जो आपली जागा सोडत नाही, शत्रूला पाठ दाखवत नाही, तो शूर. आपल्याकडेही हीच कल्पना आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात क्षत्रियाच्या गुणांत युद्धातून न पळणं हे मोजलेलं आहे. सॉक्रेटिस लगेच विचारतो, की मग मागे हटत हटत लढणाऱ्या सिथियन घोडेस्वारांचं काय? प्लाटियाच्या लढाईत आधी मागे फिरून मग उलटलेल्या स्पार्टाच्या सैनिकांचं काय?

सॉक्रेटिसला सेनिओची नदी माहीत असती तर त्याला सिथियन लोकांची गरज पडली नसती. जाधवांचं पहिलं कृत्य कोणतं? पुढे जायचं सोडून ते मागे फिरले. पश्चिमेचा बांध हे लक्ष्य, आणि हा माणूस जखमीला उचलून पूर्वेकडे चालला आहे. लांबून दुर्बिणीतून बघणाऱ्याला वाटलं असतं, पळाला! आणि गंमत अशी, की शत्रूही मागेच होता. त्या जागेत शत्रूला तोंड देणं म्हणजे घराकडे तोंड करणं. जागा, दिशा, पाठ, छाती, या कशावरूनच शौर्य ओळखता येत नाही. मग कशावरून? निकियास म्हणतो: ज्ञानावरून. खरोखर भ्यायचं कशाला आणि धीर धरायचा कशासाठी, हे कळणं म्हणजे शौर्य. त्या संवादात शेवटी कुणाचंच उत्तर टिकत नाही, तिघेही हात झटकून उठतात. पण निकियासचं उत्तर मला नेहमी जवळचं वाटत आलं आहे, आणि जाधवांच्या कृत्यांचा क्रम बघितला की अधिकच. आधी जखमी. मग मोर्चे. जखमी माणूस वाट बघू शकत नाही, हे पहिलं ज्ञान. मशीनगन राहिल्या तर मागून येणारी प्रत्येक कंपनी याच पाण्यात मरेल, हे दुसरं.

आता निरोप्याकडे परत येऊ. सगळे मोर्चे थंड झाल्यावर बांधावर उभं राहून घोषणा देणं, हात हलवणं, हे अनेकांना विजयाचा उन्माद वाटतं. चित्रकारांना आणि पुतळे घडवणाऱ्यांना हाच क्षण आवडणार. मला तो वेगळा दिसतो. पूर्वेच्या बांधाच्या पलीकडे दोन कंपन्या अडकून पडल्या आहेत. पलीकडे काय झालं ते त्यांना माहीत नाही. कमांडर जखमी. खबर द्यायला कोण उरलं? ज्याचं काम खबर द्यायचं, तोच. रस्ता मोकळा आहे, या, हा निरोप होता. आणि त्या गोंगाटात तो पोचवायचा तर उघड्यावर उभं राहून, आपल्या माणसांना ओळखीच्या घोषणेनंच पोचवणं भाग होतं. म्हणजे या सगळ्या प्रकारात त्यांनी आपलं नेमून दिलेलं काम केलं ते शेवटी, बांधाच्या माथ्यावर. आधीचं सगळं नेमणुकीच्या बाहेरचं.

'नेमणुकीच्या बाहेरचं' या कल्पनेवर इंग्रज तत्त्वज्ञ जे. ओ. अर्मसन यांचा १९५८ चा एक निबंध आहे, 'सेंट्स अँड हीरोज'. अर्मसन स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढलेले, मिलिटरी क्रॉस मिळालेले, तेव्हा ऐकीव माहितीवर बोलत नव्हते. त्यांचं म्हणणं असं: नीतिशास्त्र कृतींचे तीन कप्पे करतं. करायलाच हवं ते, केलं तरी चालेल ते, आणि करू नये ते. साथीदारांना वाचवण्यासाठी हातबॉम्बवर स्वतःला झोकून देणारा सैनिक कुठल्या कप्प्यात बसतो? करायलाच हवं म्हणावं, तर न करणाऱ्यांना दोषी ठरवावं लागेल. केलं तरी चालेल म्हणावं, तर ते चहा घेण्याच्या रांगेत जाऊन बसेल. म्हणून चौथा कप्पा हवा: कर्तव्याच्या पलीकडचं. आणि अर्मसन एक फार खरी गोष्ट नोंदवतात. बाहेरचे लोक 'कर्तव्यापलीकडचं' म्हणतात, पण करणारा स्वतः बहुधा म्हणतो, मी माझं कर्तव्य केलं. यात विनय असतो, पण केवळ विनय नसतो. त्या क्षणी त्याला ते कर्तव्यच वाटलेलं असतं. फक्त ते कर्तव्य त्याच्यावर दुसरा कोणी लादू शकत नाही. कमांडर शुद्धीवर, धडधाकट असता, तरी 'जा, एकटा तीन मोर्चे फोड' असा हुकूम त्यानं दिला नसता. दिला असता तर आपण त्यालाच वेडा म्हटलं असतं.

एका श्रोत्यानं मागे लिहून विचारलं होतं, ते आता घेतो, कारण ते टाळणं बरं नाही. हे युद्ध कुणाचं होतं? १९४२ मध्ये 'छोडो भारत'. १९४५ च्या जून महिन्याच्या पंधरा तारखेला नेहरू तुरुंगातून सुटले, आणि त्यानंतर चार दिवसांनी जाधवांचं नाव लंडन गॅझेटमध्ये छापून आलं. एकाच आठवड्यातल्या या दोन गोष्टी. ज्या राज्यानं नेहरूंना कोंडलं त्याच राज्याचं पदक. मग हे शौर्य कुणाच्या खात्यात मांडायचं?

इथे दोन सोप्या वाटा आहेत आणि मला दोन्ही मान्य नाहीत. एक म्हणते, ते गोऱ्यांचे भाडोत्री होते, विसरा. दुसरी म्हणते, पदक मिळालं ना, मग प्रश्न विचारू नका. पहिल्या वाटेवर जाणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की १९४४ च्या शरद ऋतूत त्याच अ‍ॅपेनाइन डोंगरात, मार्झाबोट्टोच्या परिसरात, जर्मन सैन्यानं ७०० हून अधिक नि:शस्त्र गावकरी मारले. बायका, मुलं, म्हातारे. त्या सैन्याला इटलीतून हुसकावणं हे साम्राज्याचं काम होतं म्हणून वाईट काम होत नाही. दुसऱ्या वाटेवरच्यांना हे सांगेन, की याच साम्राज्यानं १९११ पर्यंत हिंदी सैनिकाला व्हिक्टोरिया क्रॉससाठी पात्रच धरलं नव्हतं. पदक १८५६ चं. पंचावन्न वर्षं हिंदी सैनिक त्याच लढायांत मरत होते, त्यांच्यासाठी वेगळं पदक होतं. पहिला क्रॉस १९१४ मध्ये खुदादाद खान यांना मिळाला. कृती चांगली, युद्ध योग्य, आणि ज्याच्या झेंड्याखाली लढले ते राज्य अन्यायी, ही तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. ती एकमेकांना खोडत नाहीत. आपल्याला अवघड जातं ते तिन्ही एकदम डोक्यात धरणं.

आणि सन्मान कुणाला मिळतो यात हुद्द्याचा वाटा काही इंग्रजांनी शोधून काढलेला नाही. प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये अल्किबायडीस स्वतःच सांगतो: पोटिडियाच्या लढाईत मी जखमी होऊन पडलो, सॉक्रेटिसनं मला सोडलं नाही, मला आणि माझ्या शस्त्रांना वाचवलं. शौर्याचं बक्षीस सॉक्रेटिसला द्या असं मी म्हणालो, पण सेनापतींनी माझं घराणं बघून ते मला दिलं, आणि सॉक्रेटिसनंही मलाच मिळावं असा आग्रह धरला! सॉक्रेटिस तिथे साधा पायदळातला सैनिक होता. जखमीला खांद्यावर घेणारा. सेनिओच्या बाबतीत निदान एवढं झालं, की बक्षीस खांदा देणाऱ्यालाच मिळालं.

दुसऱ्या एका मराठा जवानाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या तुकडीतले सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, हातबॉम्बनं मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, आणखी एकाला टॉमी गननं मारलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथेच, जिंकलेल्या मोर्च्यात, पडले. वय बावीस. त्यांचं नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावात त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्याचं बोधवाक्य आहे. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले. पाच हजार सातशेच्या वर तिथेच राहिले.

नामदेव जाधव परत आले. सैन्यात पुढे हवालदार झाले. १९८४ मध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे त्या संध्याकाळनंतर एकोणचाळीस वर्षं ते जगले. ॲरिस्टॉटलच्या शौर्यचर्चेत या वर्षांबद्दल काही नाही; त्याचा शूर सैनिक युद्धातच असतो. पण माणूस तेविसाव्या वर्षी आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कृत्य करून बसतो, त्यातून वाचतो, आणि मग पुढे चार दशकं रोज सकाळी उठतो, याला कोणत्या सद्गुणाचं नाव द्यायचं, हा प्रश्न मी तुमच्याकडे सोपवतो. पुढच्या वेळी आपण धृतीविषयी बोलणार आहोत, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. 'लाखेस' जमलं तर वाचून या, तासाभराचं वाचन आहे. आता प्रश्न असतील तर घेऊ या.